दम लवकर वाढतो, हाड वेळ घेतं

१६०० मीटर, ५ मिनिटं ३० सेकंद. सातारा-सांगलीकडं भरतीची तयारी करणाऱ्या कुठल्याही पोराला हा आकडा तोंडपाठ असतो. अग्निवीर भरतीच्या रॅलीत एवढ्या वेळात सोळाशे मारले की ६० गुण मिळतात आणि दहा बीम, म्हणजे पुल-अप, काढले की ४०. नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स यात नुसतं पास व्हायचं असतं. चारशे मीटरच्या मैदानावर हिशोब मांडला तर प्रत्येक राउंड साधारण ८२ सेकंदांत, आणि असे सलग चार राउंड. गावात सायकल चालवणाऱ्या, रानात काम करणाऱ्या पोरालाही हे सहज जमत नाही. त्यामुळं पहाटे पाच वाजता यवतेश्वरच्या घाटात, कोरेगाव रस्त्याला, विट्याच्या नाहीतर इस्लामपूरच्या बाहेर डांबरावर पळणारी पोरं दिसतात आणि गाडीतून जाणाऱ्याला त्यांचं कौतुक वाटतं. मलाही वाटतं.

या मातीला फौजेचं वेड जुनंच आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. तिथं आजही जवळजवळ घरटी एक माणूस फौजेत आहे किंवा होता. देशातलं पहिलं सैनिक स्कूल २३ जून १९६१ ला सुरू झालं, ते साताऱ्यातच. अशा जिल्ह्यात मी फिजिओथेरपी करते, त्यामुळं भरतीवाली पोरं माझ्याकडं येणार हे ठरलेलंच. बहुतेकांची तक्रार एकच असते: नडगी दुखते. आणि बहुतेकांची कहाणीही एकच असते: दम चांगला आला होता, वेळ कमी होत होती, आणि नेमकं तेव्हाच पाय धरला.

नेमकं तेव्हाच का, हे समजून घेण्यासारखं आहे. शरीर एकाच वेळी सगळीकडून तयार होत नाही. रक्त, हृदय, स्नायू, शिरा, हाडं, घाम, प्रत्येकाला सरावायला लागणारा वेळ वेगळा. फौजी फिटनेसमधली बरीचशी दुखणी, मग ती रॅलीच्या मैदानावरची असोत, ट्रेनिंग सेंटरमधली असोत की लडाखमधली, या वेळांचा मेळ न बसल्यानं होतात.

दम म्हणजे नेमकं काय

पळायला सुरुवात केली की पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. रक्त वाढलं की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. पुढच्या सहा-आठ आठवड्यांत स्नायूंतल्या बारीक केशवाहिन्या वाढतात आणि पेशींमधले ऊर्जा तयार करणारे घटक, मायटोकॉन्ड्रिया, वाढतात. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, त्या मापाला व्हीओटू मॅक्स म्हणतात. पोरं ज्याला दम म्हणतात, त्याचा मोठा हिस्सा हाच. तो भराभर वाढतो, त्यामुळं महिन्याभरात सात मिनिटांवरून सव्वासहावर आलेली पोरं मी पाहिली आहेत.

इथं एक गैरसमज आहे. सोळाशे म्हणजे जोराची धाव, म्हणून रोज घड्याळ लावून सोळाशे फुल्ल मारायचे, असं बऱ्याच ठिकाणी चालतं. प्रत्यक्षात एवढ्या अंतराला लागणारी ऊर्जा, ढोबळ मानानं पाचातले चार भाग, प्राणवायूच्या जोरावरच तयार होते. ती ताकद वाढते निवांत, लांब पळण्यानं. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल अशा वेगात आठवड्यातले बहुतेक दिवस पळावं आणि वेगाचं काम दोनच दिवस करावं. माझ्या पाहण्यात जी पोरं रोज घड्याळाशी झगडतात, ती तिसऱ्या महिन्यापर्यंत क्वचितच टिकतात.

हाडाचा हिशोब

आता नडगीकडं येऊ. हाड म्हणजे मेलेला दगड नव्हे, ते जिवंत आहे. त्यात दोन प्रकारच्या पेशी सतत कामाला असतात. एक जुनं, झिजलेलं हाड खरवडून काढतात, दुसऱ्या तिथं नवं हाड भरतात. हाडावर नवा भार पडला, की शरीर ते मजबूत करायला घेतं. पण कामाचा क्रम असा, की आधी खरवडणं आणि मग भरणं. खरवडायला दोन-तीन आठवडे पुरतात, भरायला तीन-चार महिने लागतात, आणि भरलेलं पुरतं टणक व्हायला त्याहून जास्त. म्हणजे मधले काही आठवडे हाड आधीपेक्षा कच्चं असतं. घाटातला रस्ता नवा करायला उकरून ठेवलाय आणि वाहतूक मात्र दुप्पट सोडली आहे, अशी ती अवस्था.

आता हे वेळापत्रक दमाच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहा. पाचव्या-सहाव्या आठवड्यात पोराचा दम जोरात असतो, अंगात उत्साह असतो, उस्ताद शाबासकी देत असतात, म्हणून तो अंतर वाढवतो. त्याच आठवड्यांत नडगीचं हाड सगळ्यात नाजूक असतं. दम त्याला पळ म्हणतो आणि हाड थांब म्हणतं, पण हाडाचा आवाज दुखेपर्यंत ऐकूच येत नाही.

पळताना प्रत्येक पावलाला जमीन आपल्याला वजनाच्या दोन-अडीच पट जोरानं उलटं ढकलते. ६० किलोच्या पोराच्या पायावर दर पावलाला दीडशे किलोच्या आसपासचा दाब येतो. पाच किलोमीटरमध्ये दोन्ही पाय मिळून चार-पाच हजार पावलं होतात. एका पावलानं काही बिघडत नाही. पण रोज हजारो पावलं पडली आणि मधे दुरुस्तीला वेळ मिळाला नाही, तर हाडात बारीक तडे साठत जातात आणि एक दिवस त्यांची भेग होते. हेच स्ट्रेस फ्रॅक्चर. ते सगळ्यात आधी नोंदवलं ते सैनिकांच्याच पायात. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरनं कवायती करणाऱ्या जवानांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन लिहिलं. कारण मात्र कळेना, कारण क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चाळीस वर्षं होती. १८९५ नंतर एक्स-रे काढता येऊ लागले आणि पावलांच्या लांब हाडांतली भेग दिसली. तेव्हापासून त्याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात. आज जगातल्या कुठल्याही सैन्याच्या ट्रेनिंग सेंटरला ही डोकेदुखी ठाऊक आहे.

पोरगं माझ्यासमोर बसलं की मी त्याला आधी एकच सांगते: कुठं दुखतं ते बोटानं दाखव. त्यानं तळहात फिरवून नडगीची आतली कड वीतभर दाखवली, तर बहुधा ते शिन स्प्लिंट्स असतं. म्हणजे हाडाच्या कडेला जिथं स्नायू चिकटलेले असतात, तिथली चिडलेली अवस्था. पळायला लागल्यावर दुखतं, अंग गरम झालं की कमी होतं, नंतर परत दुखतं. पण त्यानं एक बोट नेमकं एका जागेवर टेकवलं, मी तिथंच अंगठ्यानं दाबल्यावर तो बाकावरून उठला आणि वर-खाली बोटभर अंतरावर मात्र त्याला काही होत नसेल, तर मी सावध होते. रात्री झोपेत ठणका येतो का, चालतानाही दुखतं का, एका पायावर उडी मारायला तो घाबरतो का, हे विचारते. उत्तरं होकारार्थी आली, की पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी.

यातला सगळ्यात फसवा भाग एक्स-रेचा. स्ट्रेस फ्रॅक्चर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेवर बऱ्याचदा दिसतच नाही. पोरगं एक्स-रे काढतं, ‘नॉर्मल’ असा रिपोर्ट मिळतो आणि दुसऱ्या दिवशी ते परत मैदानावर असतं. खात्री एमआरआयनं होते. तो परवडत नसेल तर दुखणं खरं धरून विश्रांती घ्यायची आणि दोन-तीन आठवड्यांनी एक्स-रे परत काढायचा. जांघेत किंवा खुब्याच्या पुढच्या बाजूला खोल दुखत असेल आणि पाय टेकला की कळ येत असेल, तर मात्र वाट पाहायचीच नाही. मांडीच्या हाडाच्या मानेला गेलेला तडा सरकला तर ऑपरेशनशिवाय इलाज नसतो आणि फौजेचं स्वप्नही तिथंच अडकू शकतं.

नडगीच्या हाडाचा साधा तडा असेल तर सहा-आठ आठवडे पळणं बंद ठेवलं की बहुतेक वेळा भरून येतो. त्या काळात दम उतरू नये म्हणून पोहावं किंवा सायकल चालवावी. आपल्याकडं विहिरी आणि नदी आहेत, पण पोहता येणारा सोबती बरोबर असला पाहिजे. परतताना आधी अर्धा तास चालून दुखत नाही याची खात्री करावी, मग एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, असं करत वाढवावं. दुखणं दाबायची गोळी खाऊन पळणं म्हणजे धोक्याची सूचना बंद करून टाकणं. त्यातून उन्हात, पाणी कमी प्यायलेलं असताना घेतलेल्या या गोळ्या मूत्रपिंडालाही दुखावतात. रॅलीच्या सकाळी कुणीतरी हातात ठेवलेली गोळी किंवा सुई घेणं तर फारच वाईट. कृपा करून घेऊ नका.

हाड वाचवायचं कसं, यावर लष्करांनीच बराच अभ्यास केला आहे. इस्रायली सैन्यात रिक्रुटांना रोज किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि कूचेचं एकूण अंतर कमी केलं, तेव्हा तडे लक्षणीय घटले. ऑस्ट्रेलियात दीड हजारांवर रिक्रुटांमध्ये पळण्याआधीच्या स्ट्रेचिंगचा काही फायदा होतो का हे तपासलं, तर दुखापतींत फरक पडला नाही. म्हणजे मैदानाच्या कडेला वीस मिनिटं पाय ताणत बसण्यापेक्षा तेवढी झोप मिळाली तर बरं.

मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो इस्रायलचाच आणखी एक निष्कर्ष. भरतीआधी निदान दोन वर्षं जी पोरं बास्केटबॉलसारखे चेंडूचे खेळ नियमित खेळली होती, त्यांना तडे निम्म्याहून कमी गेले. नुसतं सरळ पळण्यात हाडावर भार एकाच बाजूनं येतो. खेळात उड्या असतात, अचानक वळणं असतात, त्यामुळं हाड सगळ्या बाजूंनी जाड होतं. आमच्याकडं बास्केटबॉल नसेल, पण कबड्डी आहे, खो-खो आहे. आठवी-नववीत कबड्डी खेळणारं पोरगं अठराव्या वर्षी भरतीला उतरलं, तर त्याची नडगी आधीच तयार असते. म्हणून शाळेतल्या खेळाच्या तासाला गणिताचा जादा तास घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, तो तास पोरांना परत द्या.

प्राण्यांवरच्या प्रयोगांत अजून एक गोष्ट दिसली आहे. हाडावर एका दमात हजारो वेळा भार टाकला तर पहिल्या काही डझन वेळांनंतर ते नव्यानं प्रतिसाद देणं थांबवतं. काही तास विश्रांती मिळाली की पुन्हा द्यायला लागतं. त्यामुळं सकाळी थोड्या आणि संध्याकाळी थोड्या दोरीवरच्या उड्या या हाडासाठी एका लांबलचक सेशनपेक्षा बऱ्या. ज्यांच्या हातात रॅलीआधी वर्षभर आहे, त्यांनी पहिले तीन-चार महिने चालणं, सावकाश पळणं, उड्या आणि बैठका यातच घालवावेत. दर चौथ्या आठवड्याला अंतर थोडं कमी करावं. शक्य तिथं मातीच्या वाटेनं पळावं.

भाकरी, दूध आणि मुलींचा प्रश्न

पहाटे नुसता चहा पिऊन पळायचं, परत येऊन पुन्हा चहा आणि बटर, मग कॉलेज. अशी पोरं पुष्कळ आहेत. शरीराला खर्चाच्या मानानं खाणं मिळालं नाही, की ते काटकसर करतं आणि पहिली कात्री हाडाच्या दुरुस्तीला लावतं. पळून आल्यावर तासाभराच्या आत भाकरी-उसळ, दूध, अंडी, शेंगदाणे-गूळ, घरात जे असेल ते पोटभर खावं. जावळी-पाटणकडची नाचणी कॅल्शियमनं भरलेली असते, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. माण-खटावचे हुलगे आणि मटकी आहेत. यातली एकही गोष्ट प्रोटीनच्या डब्याएवढी महाग नाही. ड जीवनसत्त्व मात्र अन्नातून फार मिळत नाही. भर उन्हाच्या देशात राहूनही आपल्याकडं ते अनेकांचं कमी निघतं, त्यामुळं शंका असेल तर रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्यानं घ्यावं.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आता सैन्याच्या मिलिटरी पोलिसांत, एनडीएत आणि सैनिक स्कूलमध्येही मुली आहेत, आणि त्यांची तयारी मुलांच्या वेळापत्रकावर चालते. जगभरच्या सैन्यांत स्ट्रेस फ्रॅक्चर मुलींमध्ये जास्त आढळतं. त्यांची हाडं सरासरीनं बारीक असतात, पाठीवरचं ओझं मात्र बऱ्याचदा तेवढंच. शिवाय महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्त कमी असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं आहे. रक्त कमी म्हणजे प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन कमी, मग कितीही पळा, दम वाढणार कसा? म्हणून मुलीनं तयारी सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. आणि एक खूण घरातल्या बाईमाणसानं लक्षात ठेवावी: सराव वाढल्यावर पाळी लांबायला लागली किंवा बंद झाली, तर ते खाणं कमी पडत असल्याचं लक्षण आहे. त्या अवस्थेत इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि हाड झपाट्यानं कच्चं होतं. ‘बरं झालं, कटकट गेली’ असं म्हणून सोडून देऊ नका. अमेरिकी नौदलाच्या पाच हजारांवर महिला रिक्रुटांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ आठवडे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिल्यावर तडे साधारण एक पंचमांशानं कमी झाले होते.

उन्हाची सवय

मार्च ते मे माण, खटाव, जत, आटपाडी या भागात पळणाऱ्यांसाठी हे नीट वाचा. उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. तेवढ्या काळात घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्ताचं प्रमाण वाढतं. ही सवय फुकट मिळते, पण घाईनं मिळत नाही. पहिले चार-पाच दिवस निम्माच व्यायाम ठेवायचा.

सवय नसताना, आजारातून उठलेल्या, झोप न झालेल्या किंवा ईर्ष्येनं पळणाऱ्या पोराच्या अंगातली उष्णता बाहेर पडण्यापेक्षा वेगानं तयार होते. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं आणि मेंदू बिघडायला लागला की तो उष्माघात. ‘उष्माघातात घाम येत नाही’ हे म्हाताऱ्या माणसांना घरात होणाऱ्या उष्माघाताबद्दल बहुतेक वेळा खरं असतं. पळणाऱ्या जवानाचं अंग घामानं निथळत असतानाही त्याला उष्माघात होतो. खूण म्हणजे वागणं: असंबद्ध बडबड, उगाच चिडणं, झोकांड्या, आपण कुठं आहोत हे न कळणं. काखेतला थर्मामीटर अशा वेळी कमी तापमान दाखवतो, त्यावर विसंबू नका.

अशा वेळी नियम एकच: आधी थंड करा, मग हलवा. १०८ ला फोन लावायचाच, पण गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. सावलीत न्या, कपडे काढा. शेतात मळणीला वापरतो ती ताडपत्री जमिनीवर पसरा, त्याला तिच्यावर झोपवा, चौघांनी चारी बाजू उचलून खोळ करा आणि बोअरचं पाणी त्यात सोडा. बर्फ मिळाला तर टाका. ताडपत्री हलवत राहा म्हणजे पाणी अंगाभोवती फिरतं. डोकं आणि तोंड पाण्याच्या वर राहील याकडं एकानं लक्ष द्यायचं. तो शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. पॅरासिटामॉल इथं काम करत नाही. पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड झालं तर जीव वाचण्याची शक्यता फार चांगली असते. प्रत्येक अकॅडमीच्या मैदानावर एक ताडपत्री आणि पाण्याचं पिंप ठेवायला असा किती खर्च येतो?

याच्याच जोडीचा एक धोका शिक्षेतून येतो. उशीर झाला म्हणून पाचशे बैठका, ही पद्धत अजून काही ठिकाणी आहे. सवय नसलेल्या स्नायूंना असं पिळलं तर त्यांच्या पेशी फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात येतं आणि मूत्रपिंडात अडकतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या होतात आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट येते. लघवीचा तो रंग दिसला की लगेच दवाखाना.

उंचीवर फिटनेस चालत नाही

पोरगं भरती झालं, ट्रेनिंग झालं, पोस्टिंग लडाखला आलं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटरवर, लेह ३५०० च्या आसपास. तिथं हवेचा दाब आपल्याकडच्या दोन-तृतीयांश, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच. शरीर आधी श्वास वाढवून निभावतं, मग काही दिवस-आठवड्यांत तांबड्या पेशी वाढवतं. यात घाई केली तर डोकं दुखतं, उलटी होते, आणि काहींच्या फुप्फुसात पाणी भरतं. बसल्या जागी धाप, खोकला, निळसर ओठ ही त्याची लक्षणं. इलाज म्हणजे प्राणवायू आणि ताबडतोब खाली उतरवणं.

१९६२ च्या युद्धात मैदानी भागातले जवान थेट उंचीवर पाठवावे लागले आणि शत्रूच्या गोळीबरोबर या आजारानंही माणसं पाडली. त्या अनुभवातून भारतीय लष्करी डॉक्टरांनी १९२५ जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. या विषयात तो जगभर पायाभूत मानला जातो. आज सैन्यात तीन टप्पे पाळतात: ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, १२ ते १५ हजारांवर चार दिवस आणि त्याच्या वर पुन्हा चार दिवस. पहिले दोन दिवस आराम, मग थोडं चालणं, मग चढ.

यात फिटनेसचा काही उपयोग होत नाही, हे घरच्यांना पटत नाही. सोळाशे पाच मिनिटांत मारणाऱ्यालाही फुप्फुसात पाणी होतं, उलट ‘मला काय होतंय’ म्हणून पहिल्याच दिवशी सामान उचलणारा गडी जास्त धोक्यात असतो. लांब सुट्टी काढून परत गेलेल्या जवानाला हे टप्पे पुन्हा पाळावे लागतात, कारण खाली आल्यावर ती सवय मोडते. तेव्हा सुट्टीवरून परतलेला लेक ‘दोन दिवस नुसता झोपून आहे’ म्हणाला, तर आईनं काळजी करू नये. तो आजारी नसतो, हुकूम पाळत असतो.

नोकरीतही तपासणी संपत नाही. वर्षानुवर्षं पीपीटी या शारीरिक चाचणीत २.४ किलोमीटर धाव आणि चिनअप-सिटअप असायचे. बीपीईटी या लढाईच्या तयारीच्या चाचणीत हत्यार घेऊन पाच किलोमीटर, दोर चढणं आणि तोच नऊ फुटांचा खड्डा. वैद्यकीय वर्गवारीला शेप म्हणतात: मन, कान, हातपाय, एकूण शारीरिक क्षमता आणि डोळे. यात मन पहिलं आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दुखापतीनं किंवा रक्तदाबानं वर्ग खाली आला की जवान ‘एलएमसी’, म्हणजे खालच्या वैद्यकीय वर्गातला, होतो, आणि गावात ते लाजेचं समजलं जातं. तसं समजायचं काहीच कारण नाही. सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले, नंतर पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले.

शिपाई म्हणून गेलेला माणूस बऱ्याचदा चाळिशीच्या आतच पेन्शनवर घरी येतो. अग्निवीरांमधल्या तीन-चतुर्थांश पोरांना तर चार वर्षांनीच परतायचं आहे. पहाटेची पीटी एका दिवसात बंद होते, पण जेवण तसंच राहतं आणि ताकदही वर्षभरात उतरते. कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढं गेली की साखर आणि रक्तदाब तपासावाच. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही उपचारांची योजना आहे, तिचं कार्ड कपाटात ठेवून उपयोग नाही. व्यायाम परत सुरू करताना मात्र पंचविशीतला वेग डोक्यातून काढून आधी चालणं आणि बैठका. हाड आता नवखंच झालेलं असतं.

यातले बरेच जण गावी येऊन अकॅडमी काढतात आणि पोरं त्यांचा शब्द माझ्यापेक्षा जास्त मानतात. त्यांना एवढंच सांगणं आहे: दर शनिवारी सराव संपल्यावर पोरांना ओळीनं बसवा आणि प्रत्येकाच्या नडगीवरून अंगठा फिरवा. जो एका जागेवर दचकेल, त्याचं नाव वहीत लिहा, त्याचं पळणं थांबवा आणि त्याला डॉक्टरांकडं पाठवा. पन्नास पोरांना अर्धा तास लागतो.